मैलामागे पैसा : मदतनिधीसाठी धावण्याचा इतिहास

मदतनिधीची दौड हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला प्रघात आहे. त्याची रीत सोपी असते. एक माणूस ठरावीक अंतर धावण्याचा किंवा चालण्याचा संकल्प करतो आणि नातेवाईक, शेजारी, सहकारी यांच्याकडे शब्द टाकतो. ती मंडळी त्याच्या कष्टापोटी एखाद्या रुग्णालयाला, शाळेला किंवा संशोधन संस्थेला पैसे देतात. धावणाऱ्याच्या हाती त्यातले काही लागत नाही. सरावाचे महिने, बूट आणि प्रवेशशुल्क हा उलट त्याचा खर्चच असतो. शिवाय धावण्यातून थेट कोणाचे भले होत नाही. श्रमदानाने विहीर खणली तर गावाला पाणी मिळते. बेचाळीस किलोमीटर धावून मागे काहीच उरत नाही. तरीही लोक पैसे देतात, कारण मागणाऱ्याने आधी स्वतः झीज सोसलेली असते. त्यामुळे त्याला मागताना संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला नकार देणे जड जाते. या प्रघाताचा इतिहास म्हणजे या साध्या देवघेवीतून उभ्या राहिलेल्या मोठ्या यंत्रणेचा इतिहास आहे.

पैजेचे मैल

अंतर काटण्यावर पैसा लावण्याची सवय मदतनिधीच्या कल्पनेपेक्षा बरीच जुनी आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या चालण्यावर पैजा लागत. फॉस्टर पॉवेल याने १७७३ मध्ये पैजेखातर लंडन ते यॉर्क आणि परत अशी वाट पायी तुडवली. स्कॉटलंडचा कॅप्टन रॉबर्ट बार्कले याने १८०९ च्या उन्हाळ्यात न्यूमार्केट येथे दर तासाला एक मैल याप्रमाणे सलग १,००० तासांत १,००० मैल चालून १,००० गिनींची पैज जिंकली. त्यासाठी सहा आठवडे त्याला एकदाही सलग झोप घेता आली नाही. हा तमाशा बघायला लोकांची झुंबड उडाली होती.

या पैजांत परोपकाराचा लवलेश नव्हता. तरी पुढच्या प्रघाताला लागणारे तीन घटक तिथे जमून आले होते. अंतर आधी जाहीर होत असे, ते पार पडल्याची खात्री त्रयस्थ माणसे करत, आणि इतरांच्या खिशातला पैसा चालणाऱ्याच्या पायांशी बांधलेला असे. उरले होते ते फक्त पैशाचा धनी बदलणे.

शाळकरी मुलांची पायपीट

हा बदल ठळकपणे दिसला तो १९६० च्या दशकात. कॅनडाने १९६७ मध्ये आपल्या महासंघाच्या स्थापनेची शताब्दी साजरी केली. त्या वर्षी ‘माइल्स फॉर मिलियन्स’ या नावाने परदेशांतील गरिबी आणि भूक यांच्या निवारणासाठी पदयात्रा निघाल्या. त्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता. मुले आधी घरोघर जाऊन दर मैलामागे किती सेंट देणार, ते कागदावर लिहून घेत. वाटेतल्या चौक्यांवर प्रत्येकाच्या कार्डावर खूण केली जाई. चालणे संपले की तेच कार्ड दाखवून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पैसे गोळा करायचे, अशी पद्धत होती.

या पद्धतीत हिशेबाची एक युक्ती दडलेली होती. मैलामागे पाच सेंट ही रक्कम ऐकताना क्षुल्लक वाटते. पण पंचवीस मैल चाललेले मूल दारात उभे राहिले की तीच सव्वा डॉलर होते. मूल जितके जास्त चालेल तितका निधी वाढणार, म्हणून पायांना फोड आले तरी मुले चालत राहत. अमेरिकेत १७ ऑक्टोबर १९६९ रोजी नॉर्थ डकोटा राज्यातल्या बिस्मार्क गावी सुमारे एक हजार लोक भूकनिवारणासाठी चालले आणि त्यांनी २५,००० डॉलर जमवले. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने ‘वॉक अमेरिका’ सुरू केले. फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध उभारलेली ही संस्था आधीपासूनच दहा-दहा सेंटांच्या वर्गणीवर चालत आली होती. थोरामोठ्यांच्या देणग्यांऐवजी हजारोंच्या चिल्लरीवर भरवसा ठेवण्याचा तिचा अनुभव पदयात्रांच्या कामी आला.

टेरी फॉक्स

चालण्याच्या जागी धावणे आणि जमावाच्या जागी एकटा माणूस आला, तेव्हा या प्रघाताला त्याचा सर्वांत मोठा नायक मिळाला. टेरी फॉक्स याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी कॅनडातील विनिपेग येथे झाला. तो वाढला ब्रिटिश कोलंबियातील पोर्ट कोक्विटलाम येथे. वयाच्या अठराव्या वर्षी, १९७७ मध्ये, त्याला हाडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्याला एका मासिकातला लेख आणून दिला. कृत्रिम पायावर न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केलेल्या डिक ट्राउम यांच्याविषयी तो लेख होता. रुग्णालयात शेजारच्या खाटांवरची मुले दगावताना पाहून फॉक्सच्या मनात कर्करोग संशोधनासाठी धावण्याचा विचार पक्का झाला.

त्याने १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पॅसिफिककडे धावायला सुरुवात केली. सोबत एक मित्र आणि त्याने चालवलेली व्हॅन, एवढाच लवाजमा होता. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो पुढे येईपर्यंत फॉक्सला चांगल्या पायावर दोन उड्या घ्याव्या लागत. अशा चालीने तो रोज सुमारे बेचाळीस किलोमीटर, म्हणजे जवळपास एक पूर्ण मॅरेथॉन, धावत असे.

सुरुवातीला त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. मग पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम त्याच्या हाती ठेवली. माणशी एक डॉलर, हे तिथे प्रत्यक्षात उतरले आणि पुढे साऱ्या देशासाठी तेच लक्ष्य ठरले. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४१ लाख होती. ‘फोर सीझन्स’ हॉटेलांचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने गेला होता. त्यांनी मैलामागे दोन डॉलर देण्याचे कबूल केले आणि आणखी ९९९ कंपन्यांना तसेच करण्याचे आवाहन केले. टोरोंटोच्या चौकात फॉक्सच्या स्वागताला दहा हजार लोक जमले.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला होता. पॅसिफिक अजून दूर होता. त्यानंतर पैशांचा ओघ सुरू झाला आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४१ कोटी डॉलरच्या पुढे गेला. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, टेरी फॉक्सचे निधन झाले.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला त्याच्या नावाची पहिली दौड झाली. तीन लाख लोक तिच्यात उतरले आणि ३५ लाख डॉलर जमा झाले. या दौडीत कोणी पहिला येत नाही, कोणी शेवटचा येत नाही. स्पर्धा नको आणि कंपन्यांची जाहिरातबाजी नको, हे फॉक्सचे म्हणणे तिथे पाळले जाते. दौड पुढे अनेक देशांत पोचली आणि तिच्यातून आजवर ८५ कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक रक्कम कर्करोग संशोधनाला मिळाली आहे.

लंडन आणि राखीव जागा

फॉक्स धावला तो मोकळ्या महामार्गावरून. त्याच सुमारास मोठ्या शहरांतले रस्ते सामान्य धावपटूंसाठी खुले होऊ लागले होते. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीचे सुवर्णपदक जिंकलेले क्रिस ब्रॅशर १९७९ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन धावून आले. रस्त्याकाठच्या अनोळखी लोकांनी धावपटूंना दिलेले प्रोत्साहन पाहून ते भारावले. त्यांनी जॉन डिस्ली यांच्यासह लंडन मॅरेथॉन उभी केली. २९ मार्च १९८१ रोजी पावसात झालेल्या पहिल्या शर्यतीत ६,२५५ धावपटूंनी अंतिम रेषा गाठली. पुढे असलेल्या दोघांनी हातात हात घालून एकत्रच ती ओलांडली.

लंडनमध्ये धावण्याची इच्छा असणारे लाखो आणि रस्त्यावर मावणारे काही हजार, अशी स्थिती लवकरच आली. या टंचाईतूनच मदतनिधीची नवी पद्धत जन्मली. १९९३ पासून सामाजिक संस्थांना ठरावीक जागा विकत घेण्याची सोय मिळाली. संस्था ती जागा धावपटूला देई आणि बदल्यात तो तिच्यासाठी किमान अमुक इतकी रक्कम जमवण्याची हमी देई. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉन १८९७ पासून चालत आलेली. तिने त्याआधीच, १९८९ मध्ये, यकृतविकारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेपासून असा उपक्रम सुरू केला. बोस्टनमध्ये एरवी विशिष्ट वेळेत धावून पात्रता सिद्ध करावी लागते. ज्यांना ती वेळ गाठता येत नाही त्यांच्यासाठी निधी हीच पात्रता ठरली.

मैलामागे पैसा या जुन्या हिशेबाची जागा आता एकरकमी देणगीने घेतली, कारण मॅरेथॉनचे अंतर सर्वांना सारखेच असते. मग वेगळेपणा दाखवायचा कसा? लंडनच्या रस्त्यावर गेंड्याचे सोंग घेतलेले, वधूवेश केलेले, पाठीवर अवजड वस्तू बांधलेले धावपटू दिसू लागले ते त्यातूनच. स्वतः रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेले माजी अग्निशमन जवान लॉइड स्कॉट यांनी २००२ मध्ये खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याचा जुना जड पोशाख चढवून हे अंतर पाच दिवसांहून अधिक वेळ घेत पार केले. अशा सोंगांमागे आपण ज्या कामासाठी धावतो त्याकडे लोकांचे लक्ष वेधण्याची तळमळ असते. २००१ पासून इंटरनेटवर देणगी देण्याची सोय झाली आणि कागदी याद्या घेऊन दारोदार फिरणे मागे पडले. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंनी जमवलेल्या एकूण निधीने २०१९ मध्ये एक अब्ज पौंडांचा टप्पा ओलांडला.

एका शहराऐवजी सारे जग एकाच दिवशी धावावे, असाही प्रयोग झाला. आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी २५ मे १९८६ रोजी ‘स्पोर्ट एड’ ही दहा किलोमीटरची दौड अनेक देशांत एकाच वेळी झाली. सुदानचा धावपटू ओमर खलिफा मशाल घेऊन युरोपातील राजधान्यांतून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयापर्यंत गेला. ज्यांच्यासाठी मदत मागायची त्यांच्यातलाच एक जण मागणारा म्हणून पुढे उभा होता, हे या दौडीचे वैशिष्ट्य. हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांचा सराव म्हणून १९८१ मध्ये सुरू झालेली शंभर किलोमीटरची डोंगरवाट १९८६ मध्ये नागरिकांना खुली झाली. चौघांच्या चमूने ती अठ्ठेचाळीस तासांत पार करण्याचा ‘ट्रेलवॉकर’ हा उपक्रम नंतर भारतासह अनेक देशांत गेला.

दौड आणि देशाटन

प्रवास आणि समाजकार्य यांची सांगड नवी नाही. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला नेलेली पहिली रेल्वे सहल दारूबंदीच्या प्रचारसभेसाठी होती. माणशी एक शिलिंगात सुमारे पाचशे लोक तिच्यात सामील झाले. आधुनिक पर्यटन व्यवसायाचे एक मूळ असे सभेला जाण्याच्या निमित्तात आहे.

दौडींच्या बाबतीत ही सांगड १९८८ मध्ये पक्की झाली. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका मुलीच्या वडिलांनी न्यूयॉर्क परिसरातील ३८ जणांचा चमू बांधला. त्या वर्षीच्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमधून या चमूने ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले. त्यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ हा कार्यक्रम घडला. संस्था नवख्या माणसाला प्रशिक्षक देणार, दूरच्या शहरातील शर्यतीला नेणार, राहण्याची सोय करणार. त्याने त्याबदल्यात ठरलेला निधी जमवायचा. १९७३ मध्ये सुरू झालेल्या होनोलुलू मॅरेथॉनसारख्या शर्यती मुळातच पर्यटनाशी जोडलेल्या होत्या. जपानहून हजारो धावपटू तिथे धावण्याबरोबर सुट्टी घालवायला येत. नोकरीनिमित्त परगावी जाणाऱ्या माणसालाही अशा शर्यतीने एक वाट मोकळी झाली. कामाच्या आठवड्याला रविवारची दौड जोडली की पहाटेच्या रिकाम्या रस्त्यांवरून पूल, नदी, जुने चौक, बाजारपेठा यांचे दर्शन पायी घडते. महाराष्ट्रात २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून कासच्या पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर धावपटूंना नेते. पावसाळ्याच्या अखेरीस हिरव्यागार डोंगरातून धावण्यासाठी परगावचे लोक मुद्दाम मुक्कामाला येतात.

प्रवासाबरोबर एक अवघड प्रश्नही आला. देणगीदाराने दिलेल्या पैशातून धावपटूचे विमानभाडे आणि हॉटेल भागवायचे का? काहींच्या मते तो निधी उभारण्याचा वाजवी खर्च आहे, कारण प्रवासाच्या ओढीनेच नवी माणसे येतात. इतरांच्या मते देणारा आजाऱ्यासाठी देतो, सहलीसाठी नव्हे. यातून निघालेली प्रामाणिक रीत अशी, की प्रवासखर्च धावपटूने स्वतः भरावा, किंवा देणगीतला किती भाग त्यावर जाणार ते देणाऱ्याला आधीच सांगावे.

महाराष्ट्रातील परंपरा आणि मुंबई मॅरेथॉन

महाराष्ट्राला लहान वर्गणीतून मोठे काम उभे करण्याची जुनी सवय आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसा फंडाने माणशी एक पैसा गोळा करत तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत; तो मुष्टिफंड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यात तर पायपीट, प्रवास आणि निधी तिन्ही एकवटले होते. हिंगण्याच्या आश्रमातून पुण्याला ते पायी ये-जा करत, सुट्ट्यांत गावोगाव वर्गणीसाठी फिरत. सत्तरी उलटल्यावर, १९२९ मध्ये, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. शिक्षण परिषदांना हजर राहायचे, संस्था पाहायच्या आणि महिला विद्यापीठासाठी मदत मागायची, असा त्यांचा क्रम होता. पुढे ते पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतही त्यासाठी गेले. कर्वे यांनी मैलांचा हिशेब कोणाला दिला नाही. पण त्यांच्या चालण्याची साक्ष लोकांसमोर होती आणि त्यांच्या मागण्याला वजन त्यातूनच आले.

पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होत आली. दौडीला मदतनिधीची मोठी जोड मात्र मुंबईत मिळाली. पहिली मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. पुढे तिच्यासाठी जानेवारीचा तिसरा रविवार ठरून गेला. निधीच्या व्यवस्थेचे काम सुरुवातीला ‘गिव्ह’ या संस्थेकडे आणि २००९ पासून ‘युनायटेड वे मुंबई’कडे आहे. सामाजिक संस्था नोंदणी करतात, व्यक्ती आपापल्या आवडीच्या संस्थेसाठी निधी मागतात, कंपन्या कर्मचाऱ्यांचे चमू उतरवतात. संस्थांकडे धावक्रमांकही येतात, त्यांना ‘चॅरिटी बिब’ म्हणतात.

निधीचा मोठा झरा पूर्ण मॅरेथॉनपेक्षा ‘ड्रीम रन’ या सुमारे सहा किलोमीटरच्या दौडीत आहे. तिथे वेळेची मोजणी दुय्यम असते. अंध मुलांसोबत चालणारे स्वयंसेवक, नऊवारी नेसून धावणाऱ्या बायका, अवयवदानाचे फलक धरलेली कुटुंबे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघतात. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांच्या वेगळ्या दौडी असतात. पहाटे लांबून येणाऱ्यांसाठी जादा लोकल सोडल्या जातात. पेडर रोडच्या चढावर परिसरातले रहिवासी संत्र्याच्या फोडी, बिस्किटे आणि पाणी घेऊन उभे असतात. या दौडीच्या निमित्ताने आजवर ३०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम सामाजिक संस्थांपर्यंत गेली आहे. दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता येथील दौडींनी हाच नमुना उचलला.

हिशेब आणि कायदा

जमलेला पैसा योग्य जागी पोचतो का, हा या प्रघातातला कळीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकर कायद्याच्या कलम ८०जी नुसार सवलत मिळत आली, आणि २०१७ च्या अर्थसंकल्पानंतर २,००० रुपयांहून मोठ्या रोख देणगीला ती सवलत लागू राहिली नाही. त्यामुळे पेटी फिरवून नोटा गोळा करण्यापेक्षा बँकेतून थेट संस्थेच्या खात्यात रक्कम जाण्याकडे कल वाढला आणि पावतीचा माग राहू लागला.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. मॅरेथॉनचे प्रायोजकत्व त्यात मोजता येईल का, अशी शंका लगेच निघाली. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले, की मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत. दौड हे काम नव्हे, कामासाठी हाक मारण्याचे साधन आहे, हा फरक या परिपत्रकाने कागदावर आणला.

टाळेबंदीतील परीक्षा

२०२० मध्ये करोनाच्या साथीने जगभरच्या दौडी थांबल्या. मुंबई मॅरेथॉनही २०२१ आणि २०२२ मध्ये झाली नाही. ज्या संस्थांचा वर्षाचा मोठा निधी एका रविवारी जमत असे त्यांच्यापुढे संकट उभे राहिले. त्याच काळात इंग्लंडमध्ये टॉम मूर या माजी सैनिकाने आपल्या शंभराव्या वाढदिवसापूर्वी घराच्या बागेत शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प केला. दुसऱ्या महायुद्धात भारत आणि ब्रह्मदेशात चाकरी केलेले हे गृहस्थ चाकांच्या वॉकरचा आधार घेत चालत होते. त्यांनी एक हजार पौंडांचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य सेवेशी संबंधित संस्थांसाठी ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. बंद रस्ते, पदके, प्रायोजक, परगावचा प्रवास यांतले काहीही तिथे नव्हते. एका माणसाने संकल्प केला, तो सर्वांदेखत पार पाडला आणि लोकांनी त्याच्या शब्दाखातर पैसे दिले. १५ जानेवारी २०२३ रोजी मुंबईचे धावपटू पुन्हा रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या नावापुढच्या देणग्याही याच देवघेवीतून आल्या होत्या.